विश्लेषण : समीक्षकांनी ७१ गुण दिलेला ‘डेज गॉन’ खेळाडूंनी का उचलून धरला?

अमेरिकेतील ‘बेंड स्टुडिओ’ने तयार केलेला ‘डेज गॉन’ हा गेम २६ एप्रिल २०१९ रोजी ‘प्लेस्टेशन ४’वर आला, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी तो ‘ठीकठाक’ या सदरात टाकला. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर त्याला १०० पैकी ७१ गुण मिळाले. दोन वर्षांनी हाच गेम संगणकावर आला. तिथे ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातून तो घेऊन मत नोंदवणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी तो इतरांना सुचवला. दुसरा भाग काढावा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. दुसरा भाग मात्र आला नाही. समीक्षक आणि खेळाडू यांच्या मतांत इतकी तफावत का पडली, त्यात बरोबर कोण आणि अशा आकड्यांवर एखाद्या स्टुडिओचे भवितव्य कसे अवलंबून राहते, याविषयी...

‘डेज गॉन’ नेमका आहे काय?

हा ‘ओपन वर्ल्ड’ प्रकारातला गेम आहे. म्हणजे ठरावीक वाटेने पुढे जाण्याऐवजी खेळाडूला एक मोठा प्रदेश मोकळा मिळतो. कुठे जायचे, आधी काय करायचे, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. कथा सुरू होते ती जगभर साथ पसरल्यानंतर दोन वर्षांनी. बहुसंख्य माणसे मेली आहेत किंवा ‘फ्रीकर’ झाली आहेत. फ्रीकर झोम्बींसारखे दिसतात, पण ते मेलेले नाहीत. संसर्गाने माणूसपण हरवलेले हे जिवंत प्राणी आहेत. ते खातात, पाणी पितात आणि दिवसा गुहांमध्ये झोपतात.

नायक डीकन सेंट जॉन हा पूर्वी मोटारसायकलस्वारांच्या टोळीत होता. साथीच्या सुरुवातीलाच जखमी झालेल्या पत्नीला, साराला तो हेलिकॉप्टरमध्ये बसवून देतो आणि स्वतः जखमी मित्र बूझरसाठी मागे थांबतो. पुढची दोन वर्षे सारा गेली असेच धरून तो जगत असतो. कथेची खरी गाठ तिथे आहे.

गेममधला प्रदेश अमेरिकेच्या ऑरेगन राज्याचा आहे. पाइनची जंगले, लाव्हाचे खडक, बर्फाळ घाट आणि ज्वालामुखीच्या मुखात साठलेले ‘क्रेटर लेक’ असा तो मुलूख. स्टुडिओ स्वतः याच राज्यातल्या बेंड या गावात आहे. म्हणजे निर्मात्यांनी आपल्या दारातलाच परिसर गेममध्ये उतरवला. या प्रदेशात फिरायचे ते मोटारसायकलवर. तिचे पेट्रोल संपते, ती आपटली की बिघडते आणि दुरुस्तीसाठी भंगार गोळा करावे लागते.

समीक्षकांचे आक्षेप कोणते होते?

पहिला आक्षेप तांत्रिक होता. प्रकाशनाच्या वेळी गेममध्ये बग होते. गाडी वेगात असताना किंवा पडद्यावर गर्दी झाल्यावर चित्र अडखळत असे. काही ठिकाणी आवाज आणि चित्राचा मेळ बसत नव्हता.

दुसरा आक्षेप लांबीचा आणि तोचतोचपणाचा होता. मुख्य कथा संपवायलाच ३० हून अधिक तास लागतात. त्यात शत्रूचे तळ साफ करणे, फ्रीकरांची घरटी जाळणे, कुणाचा तरी माग काढणे अशी कामे पुन्हा पुन्हा येतात. तिसरा आक्षेप कथेबद्दलचा होता. कथेला अनेक फाटे फुटतात, मूळ धागा बराच वेळ सुटलेला राहतो आणि डीकन हा चिडका, स्वतःशीच पुटपुटणारा नायक आपलासा वाटत नाही, असे अनेकांचे मत पडले. ‘आयजीएन’ने गेमला दहापैकी साडेसहा, तर ‘गेमस्पॉट’ने पाच गुण दिले. काही समीक्षकांनी आठ-नऊ गुणही दिले होते. या साऱ्यांची सरासरी ७१ वर येऊन थांबली.

यातला एकही आक्षेप हवेतला नव्हता. बग होतेच, हे नंतर निर्मात्यांनीही मान्य केले. पहिले काही तास गेम संथ आहे, हे त्याचे चाहतेही कबूल करतात. मग वाद कशाचा?

७१ गुण म्हणजे नापास का?

शाळेच्या हिशेबाने ७१ म्हणजे प्रथम श्रेणी. गेमच्या बाजारात मात्र हा आकडा फारसा बरा मानला जात नाही. मेटाक्रिटिकवर गेमला ७५ किंवा अधिक गुण असतील तर तो हिरव्या रंगात दिसतो. ५० ते ७४ असतील तर पिवळ्या रंगात, म्हणजे ‘संमिश्र किंवा सरासरी’ या शेऱ्यासह. ‘डेज गॉन’ पिवळ्या रंगात अडकला.

शिवाय तुलना कोणाशी होत होती, हेही महत्त्वाचे ठरले. सोनी केवळ आपल्या प्लेस्टेशनसाठी जे गेम काढत होती, त्यांचा दबदबा तेव्हा शिखरावर होता. २०१७ मध्ये ‘होरायझन झिरो डॉन’ला ८९, २०१८ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ला ९४ आणि ‘स्पायडर-मॅन’ला ८७ गुण मिळाले होते. त्याच रांगेत ७१ गुणांचा गेम येऊन उभा राहिला, तेव्हा तो पडलेलाच वाटला.

वेळही सोयीची नव्हती. जग बुडाल्यानंतरच्या कथांची त्या काळात रीघ लागली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘फॉलआउट ७६’, फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘मेट्रो एक्सोडस’ आणि ‘फार क्राय न्यू डॉन’ हे गेम आले. झोम्बींच्या झुंडींवरच बेतलेला ‘वर्ल्ड वॉर झेड’ तर ‘डेज गॉन’च्या दहाच दिवस आधी आला. हे सगळे गेम हाताखालून घालणे हे समीक्षकांचे कामच असते. वर्षाला दोन-तीन गेम घेणाऱ्या खेळाडूने यातला कदाचित एकही खेळलेला नसतो. ‘हे आम्ही आधी पाहिले आहे’ ही समीक्षकाची तक्रार म्हणूनच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ती तक्रार खोटी नसते. या खेळाडूचा अनुभव वेगळा असतो, इतकेच.

खेळाडूंचे म्हणणे काय?

चाहत्यांच्या बचावाचा गाभा एका गोष्टीत आहे : झुंडी. या गेममधले फ्रीकर कधी कधी शेकड्यांनी एकत्र फिरतात. सर्वांत मोठ्या झुंडीत त्यांची संख्या ५०० च्या घरात जाते. ती अंगावर धावून येते तेव्हा पाण्याचा लोंढा यावा तशी येते. कुंपणावरून, खिडक्यांतून, छपरांवरून, मिळेल त्या वाटेने. समोर उभे राहून गोळ्या झाडल्या तर मरण नक्की. आधी परिसर हेरायचा, अरुंद वाटा शोधायच्या, सुरुंग पेरायचे, स्फोटक पिंपांकडे झुंड ओढायची, पेट्रोल बॉम्ब फेकत मागे सरकायचे आणि पळण्यासाठी गाडी कुठे उभी केली आहे, ते लक्षात ठेवायचे. जुन्या सॉ-मिलवरची लढाई हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. पण कथेच्या ओघात ती बरीच उशिरा येते.

चाहत्यांचे दुसरे म्हणणे मोटारसायकलविषयी आहे. सुरुवातीला ही गाडी खटारा असते. टाकी लहान, वेग कमी आणि आवाज इतका की फ्रीकर धावत येतात. हळूहळू इंजिन, टाकी, सायलेन्सर, टायर बदलत जातात. तीस तासांनी तीच गाडी घाटातून सुसाट निघते, तेव्हा ती कमावल्यासारखी वाटते. समीक्षकांना जाचक वाटलेली पेट्रोलची धावपळ चाहत्यांच्या दृष्टीने खेळाचा प्राण आहे. पेट्रोल संपण्याची भीतीच नसेल तर उजाड जगात फिरण्यात थरार कसला, असा त्यांचा सवाल आहे.

तिसरा मुद्दा डीकनचा. पत्नीच्या आठवणीने आतून पोखरलेला, बोलण्यात राकट, पण मित्रासाठी जीव टाकणारा हा माणूस अनेकांना खरा वाटला. अभिनेता सॅम विट्वर याने त्याला आवाज आणि देहबोली दिली. चाहत्यांच्या प्रेमात या अभिनयाचा वाटा मोठा आहे.

दोघे एकच गेम खेळले का?

कागदोपत्री हो, प्रत्यक्षात नाही. समीक्षकाला गेम प्रकाशनाच्या थोडे आधी मिळतो. ठरलेल्या दिवशी समीक्षा प्रसिद्ध करायची असते. त्यामुळे ३०-४० तासांचा गेम सलग, घाईने संपवावा लागतो. अशा वेळी पेट्रोल शोधण्यात गेलेला प्रत्येक अर्धा तास अडथळा वाटतो. रोज रात्री तासभर खेळणाऱ्याला तोच अर्धा तास करमणुकीचा वाटू शकतो. एखादी दीर्घ मालिका रोज एक भाग पाहणे आणि दोन दिवसांत संपवणे यात जो फरक, तोच इथे.

दुसरा फरक आवृत्तीचा. समीक्षकांच्या हाती आलेला गेम कच्चा होता. नंतर एकामागून एक ‘पॅच’ आले आणि बरेच दोष दूर झाले. जून २०१९ पासून अधिक कठीण ‘सर्व्हायव्हल’ प्रकार आणि नवी आव्हाने मोफत मिळाली. ‘प्लेस्टेशन ५’ आल्यावर तोच गेम सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालू लागला. ‘प्लेस्टेशन ४’वर ही गती ३० होती आणि तीही अधूनमधून ढासळत असे. १८ मे २०२१ रोजी संगणकावर आलेली आवृत्ती तर बरीच घोटून काढलेली होती. मेटाक्रिटिकवर तिला ७६ गुण मिळाले. म्हणजे तीच कथा, तोच नायक, त्याच झुंडी आणि गेम पिवळ्यातून हिरव्या रंगात गेला. प्लेस्टेशनच्या नोंदीपुढे मात्र ७१ कायम राहिले. गेम सुधारतो, पण पहिल्या दिवशीच्या समीक्षा सहसा पुन्हा लिहिल्या जात नाहीत.

तिसरा फरक किमतीचा. अमेरिकेत हा गेम ६० डॉलरना विक्रीस आला होता. पुढे तो वारंवार सवलतीत मिळू लागला. ‘प्लेस्टेशन ५’बरोबर आलेल्या ‘पीएस प्लस कलेक्शन’मध्ये आणि एप्रिल २०२१ मध्ये ‘प्लेस्टेशन प्लस’च्या सदस्यांना तो जादा पैसे न मोजता मिळाला. पूर्ण किंमत मोजताना खुपणारे दोष निम्म्या किमतीत किंवा फुकटात चालून जातात.

स्टीमवरचे ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण का?

नाही. वादात सर्वाधिक गल्लत इथेच होते. स्टीमवर गुण द्यायचे नसतात. ‘हा गेम इतरांना सुचवाल का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही इतकेच उत्तर द्यायचे असते. समजा, दहा खेळाडूंना एखादा गेम दहापैकी सात गुणांचा वाटला आणि दहाही जणांनी ‘हो’ म्हटले. स्टीमवर तो १०० टक्के पसंतीचा दिसेल. तेच दहा जण समीक्षक असते तर मेटाक्रिटिकवर ७० गुण दिसले असते. मत एकच, आकडे दोन. म्हणजे ७१ गुण आणि ९० टक्के पसंती हे आकडे एकमेकांना छेद देतातच असे नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. समीक्षकाला गेम आवडीचा असो वा नसो, तो खेळावाच लागतो. स्टीमवरचा ग्राहक झलक पाहून, मित्रांना विचारून, सवलत बघून आपल्या आवडीचाच गेम घेतो. झोम्बी आणि मोटारसायकली न आवडणारा माणूस तिथे फिरकतच नाही. २०१९ मधले वाईट बोल ऐकूनही २०२१ मध्ये गेम घेणारा तर आधीच अर्धा राजी झालेला असतो. त्यामुळे स्टीमची टक्केवारी सांगते ती एवढेच की, ज्यांना हा प्रकार आवडतो, त्यांची निराशा होत नाही. गेम घेणाऱ्यासाठी ही माहिती फार उपयोगाची आहे. फक्त ती समीक्षेची जागा घेत नाही.

मेटाक्रिटिकचा आकडाही निर्मळ नाही. हे संकेतस्थळ साधी सरासरी काढत नाही. काही प्रकाशनांना जास्त वजन दिले जाते आणि ते किती, हे जाहीर केले जात नाही. शिवाय सरासरीत टोके लपतात. कुणाचे पाच आणि कुणाचे नऊ मिळून सात होतात. प्रत्यक्षात ‘सात’ असे मत दोघांपैकी एकाचेही नसते.

या आकड्यांवर पैसा अवलंबून असतो का?

असतो आणि याचे प्रसिद्ध उदाहरणही जगबुडीनंतरच्या कथेचेच आहे. २०१० मध्ये ‘ऑब्सिडियन’ या स्टुडिओने ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा गेम केला. मेटाक्रिटिकवर किमान ८५ गुण मिळाले तरच स्टुडिओला बोनस मिळणार होता. गेम ८४ वर थांबला. स्टुडिओचे तेव्हाचे एक प्रमुख ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये ही बाब उघड केली. हा गेमही बगांनी भरलेला आला होता आणि समीक्षकांनी त्याचे गुण कापले होते. आज त्याच मालिकेतला सर्वोत्तम गेम म्हणून असंख्य खेळाडू त्याचे नाव घेतात. एका गुणाने हुकलेला बोनस मात्र हुकलाच.

१ सप्टेंबर २०१५ रोजी आलेल्या ‘मॅड मॅक्स’चीही गत अशीच झाली. वाळवंट, मोडकी गाडी, पेट्रोलची टंचाई हे सारे त्यातही होते. त्याच दिवशी ‘मेटल गिअर सॉलिड ५’ हा बलाढ्य गेम आला. समीक्षकांनी ‘मॅड मॅक्स’ला सत्तरीच्या आसपास गुण दिले. स्टीमवर आज त्यालाही ९० टक्क्यांहून अधिक पसंती दिसते. दुसरा भाग त्याचाही आलेला नाही.

‘डेज गॉन’चा दुसरा भाग का आला नाही?

एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ने याबाबतचे वृत्त दिले. त्यानुसार बेंड स्टुडिओने २०१९ मध्येच दुसऱ्या भागाचा प्रस्ताव मांडला होता, पण तो मान्य झाला नाही. पहिला भाग नफ्यात होता. मात्र तो तयार व्हायला फार वर्षे लागली आणि समीक्षा संमिश्र आल्या, अशी कारणे त्यात दिली होती. स्टुडिओतल्या काही जणांना सोनीच्याच ‘नॉटी डॉग’ या दुसऱ्या स्टुडिओच्या मदतीला लावण्यात आले होते, असेही त्यात म्हटले होते. दिग्दर्शक जेफ रॉस आणि लेखक व क्रिएटिव्ह डायरेक्टर जॉन गार्विन हे दोघे २०२० च्या अखेरीपर्यंत सोनीतून बाहेर पडले होते. चाहत्यांची सह्यांची मोहीम या वृत्तानंतर जोरात आली.

जानेवारी २०२२ मध्ये वादाला पुन्हा तोंड फुटले. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’च्या ८० लाख प्रती विकल्या गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा रॉस यांनी ट्विटरवर लिहिले की, आपण सोनी सोडली तोवर ‘डेज गॉन’च्याही ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या, तरीही स्टुडिओच्या व्यवस्थापनाने तो अपेक्षाभंग असल्याचेच सतत जाणवून दिले. मात्र हा आकडा सोनीने जाहीर केलेला नव्हता. खेळाडूंच्या ट्रॉफींच्या नोंदीवरून काढलेला तो अंदाज असल्याचे रॉस यांनी नंतर स्पष्ट केले. शिवाय प्रती किती खपल्या यापेक्षा त्या कोणत्या किमतीला खपल्या, हे कंपनीच्या ताळेबंदात अधिक महत्त्वाचे असते.

निर्मात्यांनी दोष कोणाला दिला?

गार्विन यांनी एकदा खेळाडूंनाच सुनावले. खेळ आवडतो म्हणता, तर तो पूर्ण किमतीला घ्या, अशा आशयाचे विधान त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये एका मुलाखतीत केले. फुकट मिळाल्यावर खेळून मग ‘दुसरा भाग का नाही’ असे विचारू नका, हा त्याचा रोख. त्यावर चाहते चिडले. दोषांनी भरलेला गेम पूर्ण किमतीला आधी कोणी घ्यायचा, असे त्यांचे प्रत्युत्तर होते. सवलतीची वाट पाहणारा भारतातला गेमरही यात स्वतःची बाजू सहज ओळखेल.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गार्विन यांनी थंड स्वागताची कारणे ट्विटरवर मांडली. तांत्रिक दोष हे एक. गेम पुरता न खेळणारे समीक्षक हे दुसरे. राकट गोरा नायक न पचलेले ‘वोक’ समीक्षक हे तिसरे. पहिले कारण सर्वांनाच मान्य होते. तिसऱ्याने मात्र भांडण भलतीकडेच नेले. २०१९ च्या बहुतांश समीक्षांत बग, लांबी आणि तोचतोचपणा याच तक्रारी होत्या. नायकाबद्दल नापसंती होती, पण ती प्रामुख्याने त्याच्या लेखनाबद्दल. चाहत्यांच्या बाजूचे चांगले मुद्दे अशा आरोपांच्या गदारोळात मागे पडतात.

मग खेळाडूंचा कौल नेहमी बरोबर मानायचा का?

तसेही नाही. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला. समीक्षकांनी त्याला ९३ गुण दिले. प्रकाशनाच्या दिवशीच मेटाक्रिटिकवर वापरकर्त्यांच्या शून्य गुणांचा पाऊस पडला. वीसहून अधिक तासांचा गेम काही तासांत संपवून मत देणे शक्यच नव्हते. कथेतल्या काही घटनांचा राग गुणांतून काढला जात होता. यानंतर मेटाक्रिटिकने नियम बदलला. गेम आल्यावर ३६ तास वापरकर्त्यांना गुण देता येणार नाहीत, असे ठरले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उलटे घडले. ‘सायबरपंक २०७७’ची प्रकाशनापूर्वीची प्रत समीक्षकांना केवळ संगणकासाठी मिळाली. त्यांनी भरभरून कौतुक केले. ‘प्लेस्टेशन ४’वर मात्र तो गेम धड चालतच नव्हता. सोनीने काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि तो परतला थेट जून २०२१ मध्ये. इथे खेळाडू बरोबर होते, कारण आपण काय खेळतो आहोत, ते त्यांनाच दिसत होते.

या प्रकरणांतून एकच धागा निघतो. मत कोणाचे यापेक्षा ते कोणत्या आवृत्तीबद्दल, किती तास खेळून आणि कोणत्या किमतीला दिलेले आहे, हे पाहावे लागते. ‘डेज गॉन’चे समीक्षक २०१९ मधल्या गेमबद्दल बरोबर होते. त्याचे चाहते दुरुस्त झालेल्या, संथपणे खेळलेल्या गेमबद्दल बरोबर आहेत. चुकीचा ठरतो तो पहिल्या आठवड्यातला आकडा कायमचा निकाल मानण्याचा प्रघात.

सध्या स्थिती काय?

२०२२ मध्ये बेंड स्टुडिओने नव्या गेमवर काम सुरू असल्याचे सांगितले. तो ‘डेज गॉन’च्याच ओपन वर्ल्डच्या तंत्रावर उभा राहणार होता आणि अनेकांनी मिळून खेळायचा होता. जानेवारी २०२५ मध्ये सोनीने तो रद्द केला. एप्रिल २०२५ मध्ये ‘डेज गॉन रीमास्टर्ड’ ‘प्लेस्टेशन ५’वर आला. जुना गेम असलेल्यांना तो दहा डॉलर जादा मोजून घेता आला. त्यात ‘होर्ड असॉल्ट’ हा नवा प्रकार होता आणि त्याचा सारा भर झुंडींवर होता. चाहते सहा वर्षे ज्या गोष्टीची बाजू घेत होते, तिच्याच जोरावर कंपनीने गेम पुन्हा विकायला काढला. त्यानंतर दोनच महिन्यांत, जून २०२५ मध्ये स्टुडिओतील सुमारे ३० टक्के कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याचे वृत्त आले. दुसऱ्या भागाची घोषणा झालेली नाही.

ही कपात थेट ७१ गुणांमुळे झाली, असे म्हणता येत नाही. या काळात जगभरच्या गेम कंपन्यांत कपात झाली आहे. पण एक नायक, एक प्रदेश आणि लाखो चाहते हाताशी असताना स्टुडिओला दुसऱ्याच वाटेने जावे लागले आणि ती वाटही मध्येच बंद झाली, एवढे खरे.

गेम घेणाऱ्याने काय पाहावे?

पहिले, समीक्षेचा आकडा सोडून मजकूर वाचावा. समीक्षकाला न आवडलेली गोष्ट आपल्याला आवडणारी असू शकते. ‘पेट्रोलसाठी फार भटकावे लागते’ हे वाक्य कुणासाठी इशारा असते, तर कुणासाठी जाहिरात. दुसरे, समीक्षेची तारीख आणि ती कोणत्या यंत्रावर खेळून लिहिली आहे, ते पाहावे. तिसरे, स्टीमवर ‘अलीकडच्या’ प्रतिक्रिया वेगळ्या दिसतात आणि प्रत्येक मतापुढे ती व्यक्ती किती तास खेळली, हेही दिसते. दोन तास खेळून दिलेली शिवी आणि साठ तास खेळून केलेली तक्रार यांचे वजन सारखे धरू नये. चौथे, दुसरा भाग यावा असे मनापासून वाटत असेल, तर गेम दुरुस्त झाल्यावर शक्य तेवढ्या लवकर तो विकत घेणे आणि चार ओळींचे प्रामाणिक मत लिहिणे, या दोन गोष्टी खेळाडूच्या हातात आहेत. कंपनीच्या हिशेबात सह्यांच्या अर्जापेक्षा त्या जास्त भरतात.